चिऱ्याच्या घरात इंटरनेट मागच्या खोलीपर्यंत न्यायचंय: पॉवरलाईन घ्यावं की मेश वायफाय?

पोफळवाडी (अंजर्ले)

नमस्कार मंडळी. आईला आता एकटीला ठेवणं बरं नाही, म्हणून दिवाळीपासून मी गावीच राहायला आले आहे. घरून काम करायची परवानगी मिळाली आहे, पण रोज चार-पाच तास व्हिडिओ कॉल असतात आणि घोडं तिथेच अडलंय. परवा एका मीटिंगमध्ये सात वेळा आवाज तुटला. मला ही नोकरी इथे राहूनच टिकवायची आहे, म्हणून सविस्तर विचारते.

घर पणजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागची पडवी, आणि पडवीला जोडून २०१२ साली काढलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. जुन्या भिंती गिलाव्यासकट दीड फुटाच्या आहेत, वर कौलं. फायबरची तार रस्त्याकडून आली म्हणून बसवणाऱ्यानं राऊटरचा डबा ओटीवरच ठोकला. आई माजघरात झोपते, दुपारी तिला आवाज नको असतो, म्हणून माझी कामाची खोली सगळ्यात मागची. पुढून मागे अंतर साधारण २२ मीटर.

प्लॅन १०० एमबीपीएसचा. ओटीवर ९४ मिळतात, माजघरात ४०-५०, स्वयंपाकघरात १२, आणि माझ्या खोलीत दोन-तीन. तेही अधूनमधून गायब.

पुण्यातला भाऊ म्हणतो पॉवरलाईन अ‍ॅडॉप्टर घे. विजेच्या तारेतूनच इंटरनेट जातं, भिंतीचा प्रश्नच येत नाही. दापोलीतल्या दुकानदाराचं म्हणणं, मेशची, म्हणजे एकमेकांशी बिनतारी बोलून रेंज पुढे नेणाऱ्या तीन डब्यांची पेटी घ्या. माझ्याकडे सात-आठ हजार आहेत आणि एकच अट आहे: भिंती फोडायच्या नाहीत. आईला ते बघवणार नाही, मलाही.

कोकणातल्या अशा घरात यातलं काही प्रत्यक्ष वापरलेलं आहे का कोणी?

तांब्याची तार (रत्नागिरी)

ताई, घराचा नकाशा आणि आकडे दिलेत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. मी नेटवर्किंगचीच कामं करतो आणि चिऱ्याच्या भिंतींशी माझी जुनी ओळख आहे.

चिरा सच्छिद्र असतो. पावसाळाभर तो पाणी पितो, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषतं. त्यामुळे मे महिन्यात मोजलेली रेंज आणि जुलैतली रेंज यांत फरक पडतो. घरं तीच, डबे तेच, पण आषाढात फोन सुरू होतात: "दादा, नेट हळू झालंय." तुमचे आकडे आत्ताचे, कोरड्या दिवसांतले आहेत. पावसात त्याहून खाली जातील असं धरूनच चाला.

आता लहरींचं. राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. मोकळ्या हवेत, तेवढ्याच अंतरावर, ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल सुमारे ६ डेसिबलनं कमी पोचतो, म्हणजे शक्तीच्या हिशेबात चौथाई. जाड भिंत मध्ये आली की ही दरी आणखी वाढते. माजघरापर्यंत तुमचा फोन ५ वर असणार, स्वयंपाकघरात तो २.४ वर उतरतो. तिथले १२ त्यामुळेच.

फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून सिग्नल डीबीएममध्ये मोजा. डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप. आकडा ऋण असतो, शून्याच्या जितका जवळ तितका बरा. उणे ६७ किंवा त्याहून बरा असेल तर व्हिडिओ कॉल चालतो. उणे ८० च्या खाली गेला तर कितीही महागडा लॅपटॉप आणा, उपयोग नाही.

मेश घेणारे बहुतेक जण एक चूक करतात. जिथे रेंज नाही तिथेच दुसरा डबा ठेवतात. तो डबा स्वतः जे ऐकतो तेच पुढे सांगणार! तुमच्या खोलीत ठेवलात तर काड्या पूर्ण दिसतील आणि वेग तोच दोन-तीन राहील. तो ठेवायचा अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून धड आहे तिथे. शिवाय स्वस्त मेशमध्ये एकाच रेडिओला मागून घ्यायचं आणि पुढे द्यायचं असतं, म्हणून प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. तीन डबे ओळीनं लावले तर शेवटच्या डब्याशी काय उरेल, हिशेब करा.

आणि काहीही विकत घेण्याआधी: फायबरवाल्याला सांगून तो डबा ओटीवरून माजघरात हलवून घ्या. फायबरला आणखी १५ मीटर जास्त झाल्यानं काही होत नाही. एवढ्यानं एक भिंत वाचते.

वायरमनकाका (गुहागर)

पॉवरलाईनचा विषय निघाला म्हणून लिहितो. घरगुती वायरिंगमध्ये माझी २६ वर्षं गेली. हे डबे मी स्वतः विकत नाही, पण लोक आणतात आणि चालले नाहीत की मला बोलावतात.

पोरी, पहिला प्रश्न: घरात सिंगल फेज आहे की थ्री फेज? मीटरजवळ बघ. विहिरीवर मोठा पंप असेल किंवा वाडीला पाणी देत असाल तर बऱ्याच ठिकाणी थ्री फेज घेतलेली असते. मग घरातले पॉइंट तीन फेजवर वाटलेले असतात. ओटी एका फेजवर, मागच्या खोल्या दुसऱ्या फेजवर. पॉवरलाईनचा सिग्नल ज्या तारेवर सोडला त्या तारेवर नीट चालतो. दुसऱ्या फेजवर तो तारा शेजारून गेल्यामुळे थोडाफार झिरपतो, तेवढाच. कुठे चालून जातं, कुठे अजिबात नाही.

दुसरा प्रश्न: मागच्या खोलीतलं वायरिंग कोणत्या काळातलं? जुन्या कोकणी घरांत लाकडी पट्टीवरचं वायरिंग मी अजून बघतो. दोनच तारा, अर्थिंग नाही, सॉकेट दोन पिनचं. शिवाय समुद्राकाठी खाऱ्या हवेनं सॉकेटच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, स्विचमागचे स्क्रू गंजतात. बल्ब त्यावर पेटतो, पण नाजूक सिग्नलला सैल जोड म्हणजे तुटलेला पूल.

तिसरं, हे डबे भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावायचे. स्पाईक गार्डमध्ये किंवा स्टॅबिलायझरच्या पुढे लावले तर आतले फिल्टर सिग्नल खाऊन टाकतात. मला आलेल्या दहा तक्रारींतल्या सहा तेवढ्यानंच मिटल्या.

फेज कशी ओळखायची: मेन बोर्डावरचे तिन्ही एमसीबी एकेक करून पाडायचे, कुठल्या खोलीतली लाईट जाते ते कागदावर लिहायचं. झाकण उघडायचं नाही. आणि नेटवर बघून "फेज कपलर" (एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्या फेजवर पोचवणारा तुकडा) वगैरे कोणी स्वतः बसवायला जाऊ नका. त्यात दोन फेजमधले ४०० व्होल्ट असतात.

पोफळवाडी (अंजर्ले)

काका, तुम्ही सांगितलंत तसं आत्ताच एमसीबी पाडून बघितले. थ्री फेजच आहे! ओटी आणि माजघर पहिल्या फेजवर, स्वयंपाकघर आणि पंप दुसऱ्या, मागच्या दोन्ही खोल्या तिसऱ्या फेजवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात मागची कौलं उडाली, पाणी शिरलं आणि त्या बाजूचं वायरिंग नव्यानं केलं. तेव्हाच ते वेगळं काढलं असणार. मागच्या बाजूला तीन पिनची सॉकेटं आणि अर्थिंग आहे. ओटीवर मात्र दोन पिनचंच, तुम्ही म्हणता तसं पट्टीवरचं.

म्हणजे पॉवरलाईन विसरायचं का?

माडाखाली (मालवण)

नमस्कार, मालवणातसून लिहितंय.

लगेच विसरू नका. माझ्याकडे पॉवरलाईन चार वर्षं चालू आहे आणि मी समाधानी आहे. खाली दुकान, वर घर, मध्ये स्लॅब. सगळं सिंगल फेज आणि २०१५ नंतरचं वायरिंग. खालच्या राऊटरपासून वर वायफाय जेमतेम पोचायचं. पॉवरलाईनवर वर ६० ते ७० एमबीपीएस मिळतात, आणि मुख्य म्हणजे ते पावसात बदलत नाहीत. मुलीच्या ऑनलाईन शिकवण्या त्यावरच झाल्या.

खोक्यावरच्या आकड्याला मात्र भुलू नका. माझ्या खोक्यावर ६०० लिहिलंय. घरी आणून बघितलं तर डब्याचं केबलचं पोर्टच १०० चं. म्हणजे विजेच्या तारेवर काहीही झालं तरी बाहेर १०० च्या वर येणारच नाही. खोक्यावर हजार एमबीपीएस लिहिलेल्या डब्यांना गिगाबिट पोर्ट असतं, ते खोक्याच्या मागे बघून घ्या.

माझ्याकडे एक जोडी जास्तीची आहे, भाऊ मुंबईला गेला त्याची. ताई, तुम्हाला हवी असेल तर एसटी पार्सलनं दापोलीला पाठवतो. वापरून बघा, मग विकत घ्यायचं की नाही ते ठरवा. काय अडला तर विचारा, सांगतंय.

लघुलहरी (वेंगुर्ले)

मी परवानाधारक हौशी रेडिओवाला, त्यामुळे पॉवरलाईनकडे माझं बघणं थोडं वेगळं आहे. पण तंत्र समजून घेतलं तर सगळ्यांनाच फायदा होईल.

हे डबे विजेच्या ५० हर्ट्झवर कितीतरी वरच्या लहरी चढवतात. होमप्लग हे या तंत्राचं मानक. २००१ च्या पहिल्या होमप्लगचा कमाल वेग कागदावर १४ एमबीपीएस होता. २००५ साली होमप्लग एव्ही आलं, ते साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झ वापरतं, कागदावर २०० एमबीपीएस. २०१० साली आयईईई १९०१ हे मानक झालं. त्यानंतरच्या एव्ही२ नं पट्टा ८६ मेगाहर्ट्झपर्यंत नेला आणि तीन तारांचा उपयोग सुरू केला: फेज-न्यूट्रल ही एक वाट आणि फेज-अर्थ ही दुसरी. म्हणजे वायरमनकाकांचा अर्थिंगचा मुद्दा थेट वेगाशी जोडलेला आहे. दोन पिनच्या सॉकेटवर ही दुसरी वाट बंद.

हा पट्टा अनेक बारीक वाहकलहरींत वाटलेला असतो. ज्या लहरीवर गोंगाट असेल तिच्यावर डबा कमी माहिती लादतो किंवा ती सोडून देतो. म्हणून स्वस्त एलईडी बल्ब, मोबाईलचे बिनब्रँडचे चार्जर, मिक्सर चालू झाला की वेग पडतो, बंद केला की परत वर येतो. मिक्सरच्या मोटारीतल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या सगळ्या पट्टाभर गोंगाट करतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर तुलनेनं सज्जन, सुरू होतानाच काय तो धक्का देतो.

आणि घराचं वायरिंग म्हणजे नकळत उभी केलेली एरियल. हा सिग्नल हवेतही सांडतो. हौशी रेडिओचे पट्टे डब्यांनी मोकळे सोडायचे असतात, तसे चांगले डबे सोडतातही, पण शॉर्टवेव्हवरची बाकीची स्टेशनं घरात ऐकू येईनाशी होतात. कुणाकडे वडीलधारी मंडळी शॉर्टवेव्ह ऐकत असतील तर हे आधी लक्षात घ्या. मच्छीमार बंधूंनी काळजी करू नये. बोटीवरचा व्हीएचएफ १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास, चॅनल १६ म्हणजे १५६.८. तो या पट्ट्याच्या बराच वर आहे.

तांब्याची तार (रत्नागिरी)

लघुलहरींच्या माहितीत एक भर. कागदावरचा आकडा येणं-जाणं दोन्हीची बेरीज असतो, आणि तार सामाईक असल्यानं एका वेळी एकच डबा बोलू शकतो. मी जिथे जिथे मोजलं तिथे हातात पडणारा वेग खोक्यावरच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा वर गेलेला नाही, बहुतेकदा बराच खाली.

सुरक्षेचंही सांगून ठेवतो. डब्यांमधलं बोलणं एईएस १२८ बिट या कुलूपपद्धतीनं झाकलेलं असतं, पण कारखान्यातून येताना सगळ्यांची चावी सारखीच असू शकते. रत्नागिरीतल्या एका इमारतीत शेजाऱ्यांचे डबे एकमेकांना सापडले होते. आणल्याबरोबर एका डब्याचं पेअर बटण दाबा, दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं दाबा. नवी चावी तयार होते.

समुद्रखोली (दिवेआगर)

मधेच विचारतो, विषयाला धरूनच आहे. आमची घरगुती राहण्याची सोय आहे, वाडीत दोन खोल्या, मुख्य घरापासून ४० मीटर. मध्ये माड-पोफळी. त्या खोल्यांचं मीटर वेगळं आहे. पाहुणे आता समुद्राच्या आधी वायफाय विचारतात. गेल्या वर्षी घरातून साधी नेटवर्क केबल माडांवरून ओढली. जूनच्या सुरुवातीला वीज पडली, झाडावर नाही, लांब कुठेतरी, पण राऊटर आणि टीव्ही दोन्ही गेले. पॉवरलाईन इथे चालेल का?

तांब्याची तार (रत्नागिरी)

दादा, मीटर वेगळं असेल तर पॉवरलाईनवर पैसे घालू नका. सिग्नलला एका मीटरमधून बाहेर पडून खांबापर्यंत जाऊन दुसऱ्या मीटरमधून आत यावं लागेल. क्वचित पोचतो, भरवशाचा नाही.

तुमच्या जागी मी फायबर टाकेन. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टाकली की दोन्हीकडची जमीन त्या तारेनं जोडली जाते. वीज लांब पडली तरी दोन जागच्या जमिनीत काही क्षण प्रचंड विद्युतदाबाचा फरक पडतो आणि तो तारेतून तुमच्या राऊटरमध्ये उतरतो. तुमचं तेच झालं. फायबर काचेचं, त्यातून वीज जातच नाही. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल नेटवर्क केबलसाठी बदलणारे डबे) लागतात, जोडीनं मिळतात, आणि हव्या त्या लांबीची टोकं लावून तयार केबल मिळते, जागेवर जोडकाम नको.

एक गोष्ट मात्र विसरू नका, ती अनेक जण विसरतात. हवेतून ओढायच्या फायबर केबलला आधाराची लोखंडी तार असते. ती खांबावर किंवा झाडावरच बांधून संपवा, घरात आणू नका. नाहीतर काच टाकून उपयोग काय, वीज लोखंडावरून आत येईल. शक्य असेल तर जमिनीतून पाईप टाकून न्या. माडावरून नारळ आणि झावळ पडतात, ते केबल बघून पडत नाहीत.

वायरमनकाका (गुहागर)

वरच्या उत्तराला माझा पाठिंबा. दोन इमारतींमध्ये तांबं नको म्हणजे नको. कोकणात वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात विजा जास्त, तेव्हाच माझ्याकडे जळलेले राऊटर येतात.

अर्थिंगचंही बोलतो. आपल्याकडे कातळावर किंवा जांभ्यात खड्डा घेतला की तो एप्रिल-मेमध्ये खडखडीत सुकतो. कोळसा-मीठ घातलेलं असलं तरी सुकलं की रोध वाढतो. मार्चपासून आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतत जा. पॉवरलाईन असो नसो, हे जिवाशी संबंधित आहे.

आणि लाईट गेल्यावरचं कोणी विचारलंच नाही! पॉवरलाईनचे दोन्ही डबे, मेशचे सगळे डबे, सगळ्यांना लाईट लागते. इन्व्हर्टर फक्त ठरावीक पॉइंटना दिलेला असतो. ज्या सॉकेटमध्ये डबा लावणार ते इन्व्हर्टरवर आहे का ते बघून घ्या. फायबरला वाटेत लाईट लागत नाही, घरातला डबा चालू राहिला आणि पलीकडे त्यांची बॅटरी असली तर नेट राहतं. डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण डब्याच्या अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्टेज वाचूनच घ्या, सगळे १२ चे नसतात.

पोफळवाडी (अंजर्ले)

माडाखाली दादांचं पार्सल शनिवारी आलं. मनापासून आभार, आत बटणाची चिठ्ठीसुद्धा होती. आईला दोन्ही डबे दाखवले, म्हणाली, "एवढ्याशा ठोकळ्यात?"

पहिला प्रयोग: ओटीवर एक, माझ्या खोलीत दुसरा. ओटीवरच्या दोन पिनच्या सॉकेटमध्ये डबा बसेनाच, म्हणून माजघरातल्या तीन पिनच्या सॉकेटला लावला आणि राऊटरपासून तिथपर्यंत लांब केबल टाकली. माझ्या खोलीत ७ एमबीपीएस. वायफायपेक्षा बरं, आणि तुटत नव्हतं. पण सकाळी आठला आईनं चटणीसाठी मिक्सर लावला आणि ७ चे २ झाले. पंप सुरू झाला तेव्हाही क्षणभर अडलं, मग पूर्ववत.

मग काकांचं बोलणं खरं की काय ते तपासलं. दोन्ही डबे मागच्या दोन खोल्यांत, म्हणजे एकाच फेजवर लावून बघितले: ५८! तेच डबे, तेच घर. केवळ फेज बदलल्यानं एवढा फरक. एकच खंत, की राऊटर त्या फेजवर नाही.

सिग्नलही मोजला. माजघरात उणे ६१, स्वयंपाकघरात उणे ७४, माझ्या खोलीत उणे ८४. म्हणजे मेशचा दुसरा डबा स्वयंपाकघरात ठेवला तरी तो काठावरच. राऊटर माजघरात आला तर ठीक. तर मग मेश आणि डबा हलवणं हाच मार्ग का? की ओटी-माजघराचं एक सॉकेट तिसऱ्या फेजवर घ्यायचं, काका?

वायरमनकाका (गुहागर)

एक सॉकेट दुसऱ्या फेजवर घेणं अवघड नाही, पण न्यूट्रल, एमसीबी, भार सगळं बघून परवानाधारक माणसानंच करायचं.

पण पोरी, मी तुझी पहिली पोस्ट पुन्हा वाचली. भिंती फोडायच्या नाहीत म्हणालीस. कौलारू घराला भिंती फोडायची गरज काय? जुन्या घरात मधल्या भिंती आढ्यापर्यंत नेलेल्या नसतात. भिंतीच्या माथ्यावर आणि वाशांच्या खाली हात जाईल एवढी मोकळी जागा असते, हवा खेळावी म्हणून. माळ्यावर चढून बघ. ओटीच्या माथ्यावरून माजघर, स्वयंपाकघर, पडवी असं थेट मागेपर्यंत दिसतं का?

पोफळवाडी (अंजर्ले)

काका, शिडी लावून चढले. दिसतं! टॉर्च मारला तर पडवीच्या कौलांपर्यंत प्रकाश गेला. लहानपणी आम्ही त्या माळ्यावर लपायचो, आणि मागच्या खोलीत पुटपुटलेलं ओटीवर ऐकू यायचं. ते आत्ता आठवलं. पडवी आणि स्लॅबच्या खोलीमध्ये भिंत पूर्ण आहे, पण तिला वर झरोका आहे.

तांब्याची तार (रत्नागिरी)

मग प्रश्नच मिटला. वायफाय आणि पॉवरलाईन दोन्ही बाजूला ठेवा आणि नेटवर्क केबल टाका. एकाच घरात, एकाच अर्थिंगवर आहे, त्यामुळे दिवेआगरच्या दादांसारखी भानगड नाही.

कॅट ६ घ्या, पूर्ण तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल मिळते, तिच्यावर बारीक अक्षरात सीसीए छापलेलं असतं. ती नको. ठिसूळ असते, आणि दमट खाऱ्या हवेत क्लिपमध्ये गंजते. केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, तुम्हाला ३०-३५ पुरेल. माळ्यावर उंदीर आणि खारी असणारच, म्हणून २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपमधून न्या. विजेच्या तारांपासून फूटभर लांब ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

मागच्या खोलीत कोणताही जुना राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा: त्यातलं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय) बंद, ते काम पुढचा राऊटर करतोच, आणि केबल वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट येण्याचं पोर्ट) न लावता लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टमध्ये. नाव आणि पासवर्ड पुढच्यासारखेच ठेवा, फोन चालता चालता आपोआप बदलेल. आणि २.४ चा चॅनल १, ६, ११ यांपैकी पुढे एक, मागे वेगळा.

माडाखाली (मालवण)

हे सगळ्यात बेस. पॉवरलाईनचा मी चाहता असलो तरी तार टाकता येत असेल तर तार. ज्यांना टाकता येत नाही त्यांच्यासाठी हे डबे.

पोफळवाडी (अंजर्ले)

झालं मंडळी. काल संध्याकाळी.

वाडीतले एक भाऊ वायरिंगची कामं करतात, त्यांना बोलावलं. फायबरवाल्यानं डबा माजघरातल्या फडताळाच्या वर हलवून दिला. तिथून पाईप तुळईच्या कडेनं माळ्यावर, भिंतींच्या माथ्यावरून पडवीत आणि झरोक्यातून माझ्या खोलीत. ३४ मीटर केबल लागली. एकही भिंत फोडली नाही, खिळासुद्धा लाकडातच. पुण्याहून आणलेला जुना राऊटर मागे लावला. केबल, पाईप, मजुरी धरून तीन हजारांच्या आत.

माझ्या खोलीत ९४. मिक्सर चालू असताना ९४. आज सकाळी दीड तासाचा कॉल झाला आणि कोणी "आवाज येत नाहीये" म्हटलं नाही. कॉलनंतर मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

एक अनपेक्षित फायदा: डबा फडताळावर उंच गेल्यामुळे वायफाय आता भिंतींच्या माथ्यावरून कौलांखालून पसरतं. स्वयंपाकघरात उणे ७४ होतं ते उणे ६३ झालंय, काही न घेता. आई चुलीशेजारी बसून नातवाशी व्हिडिओवर बोलली, हलून बसावं लागलं नाही. पावसाळ्यात पुन्हा मोजून इथेच आकडे टाकीन.

काका, अर्थिंगला आज दोन बादल्या ओतल्या.

सागवेकर१ (राजापूर)

धागा पहिल्यापासून वाचला. आमचं घर सिंगल फेज, पण माडीचं, वर लाकडी तक्तपोशी आणि मधल्या भिंती पूर्ण वरपर्यंत. माथ्यावरून वाट नाही. वायरिंग २०१८ चं, अर्थिंग आहे. आमच्याकडे पॉवरलाईन बघावं का?

वायरमनकाका (गुहागर)

सिंगल फेज, नवं वायरिंग, अर्थिंग. बघण्यासारखं आहे. सॉकेटमध्ये थेट लावा.

पोफळवाडी (अंजर्ले)

माडाखाली दादा, तुमची हरकत नसेल तर जोडी दापोलीहून राजापूरच्या एसटीनं पाठवते. चिठ्ठी आतच ठेवलीय, मागे माझे आकडेही लिहिलेत: वेगळ्या फेजवर ७, एका फेजवर ५८.

माडाखाली (मालवण)

हरकत कसली. पाठवा.